आबा लोवलेकरांची मंडळी

आबा लोवलेकर कुणालाही दोन्ही हातांनी नमस्कार करीत नसत. उजवा हात कपाळापर्यंत जाई, डावा मात्र छातीशी आवळलेला राही. रत्नागिरीत नव्यानं आलेल्या माणसाला हा शिष्टपणा वाटे. जुन्यांना ठाऊक असे की त्यांच्या काखेत खरोखरच काहीतरी दडवलेलं आहे. करंगळीएवढी काचेची नळी, तिच्या तोंडाला मेणाचं बूच आणि आत गाईचं रक्त.

एका लग्नात मुलीच्या बापानं हर्षभरानं त्यांना कवटाळलं आणि नळी फुटली. आबांच्या लोकरी कोटातून पाझरून यजमानांच्या नव्या उपरण्यावर तांबडा डाग उमटला. बायका मागे सरल्या, कुणीतरी डॉक्टरला बोलवा म्हणालं. आबा स्वतःच डॉक्टर असल्यामुळे त्यांनी शांतपणे सगळ्यांची समजूत घातली. "घाबरण्यासारखं काही नाही. माझं नाही, गाईचं आहे," ते म्हणाले. त्यानंतर मात्र पंगत उठायची वेळ आली. पुढे गावात कुणाच्याही लग्नाची आमंत्रणपत्रिका आबांना गेली तर तिच्याबरोबर तोंडी निरोप जाई, की डॉक्टरांनी अवश्य यावं, पण मोकळ्या काखेनं यावं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. मी चित्रकलेचा मास्तर म्हणून रत्नागिरीला नवीन लागलो होतो आणि आबांच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं. एकाच घराचे दोन भाग, मध्ये फळ्यांची भिंत. आबा गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. वय पंचेचाळिशीचं, अंगानं काटकुळे, आणि भर वैशाखातही अंगात लोकरी कोट. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येई. पहिल्याच आठवड्यात कानावर आलं, "आज मंडळींना ऊब कमी पडली." दुसऱ्या दिवशी, "मंडळी सुस्त आहेत, काही खात नाहीत." मला वाटलं, बायको आजारी असेल बिचाऱ्यांची. आपल्याकडे बायकोला मंडळीच म्हणतात. तिसऱ्या दिवशी मात्र पलीकडून आनंदानं भरलेला आवाज आला, "शाब्बास. मंडळींनी एका बैठकीत अकरा गिळले." अकरा काय, हे कळेना. मोदक म्हणावेत तर चतुर्थी नव्हती. मी आईनं पाठवलेलं आवळ्याचं लोणचं घेऊन चौकशीला गेलो. घरात बाईमाणूस कुणीच नव्हतं. खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक आणि त्याला डोळा लावून आबा एकटे बसलेले.

"या मास्तर," मान वर न करता ते म्हणाले. "मंडळी बघायची आहेत?"

रक्तात तांबड्या पेशींच्या गर्दीत थोड्या पांढऱ्या पेशी असतात. रोगाचे जंतू अंगात शिरले की या पेशी त्यांच्याकडे सरकत जातात, त्यांना चहूबाजूंनी वेढतात आणि गिळून टाकतात. आबांची मंडळी ती हीच. माणसाच्या अंगात असतात तशा गाईच्याही असतात. आबांनी सगळा जीव लावला होता तो गाईच्या मंडळींवर. कुठल्या गाईची मंडळी किती चपळ, कुणाची आळशी, वासरू झाल्यावर त्यांचा जोर कमी का होतो, हे ते वर्षानुवर्षं बघत होते. रक्त घ्यायचं, ते गोठू नये म्हणून त्यात क्षार घालायचा, त्यात जंतू सोडायचे आणि अर्धा तास उबेत ठेवायचं. थंडीत मंडळी हलत नाहीत. दवाखान्यात ऊब देणारं यंत्र नव्हतं, म्हणून काख. तेवढ्यानंही भागत नसे, कारण गाईचं अंग आपल्यापेक्षा जरा अधिक गरम. म्हणून लोकरी कोट. शाळेतल्या पोरांनी 'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण त्यांच्यासाठी बदलून ठेवली होती, पण आबांना त्याचं काही नव्हतं.

एकदा त्यांना हिवताप आला. मी काढा घेऊन गेलो तर हे दोन्ही काखांत, पोटावर, घोंगडीखाली नळ्या लावून पडलेले. चेहरा तापानं लाल आणि प्रसन्न. थर्मामीटर माझ्यापुढे धरून म्हणाले, "नेमका गाईचा ताप आहे, मास्तर. असा योग पुन्हा येत नाही." दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा खरोखर हिरमुसले होते.

सूक्ष्मदर्शकात मला पहिले दोन दिवस माझ्याच पापण्या दिसल्या. तरी मी आबांना 'दिसलं, दिसलं' म्हणून सांगितलं. "काय दिसलं?" त्यांनी विचारलं. मी गोल गोल काहीतरी म्हणालो. "खोटं बोलू नका. न दिसणं हा काही गुन्हा नाही," म्हणाले, आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून त्यांनी इंचभर मागे सरकवलं. मग दिसलं. त्यांनी तांब्याच्या पट्टीचं एक टोक काचेखाली आणि दुसरं दिव्याच्या ज्योतीवर ठेवून काच गरम राखली होती. तांबड्या चकत्यांच्या गर्दीतून एक फिकट, धड आकार नसलेला थेंब हळूहळू सरकत होता. त्यानं एका बाजूनं हातासारखं काहीतरी बाहेर काढलं, पुढे पडलेल्या बारीक मण्यांभोवती ते वळवलं आणि मणी आत गेले. हे व्हायला बराच वेळ लागला. माझी मान अवघडली, पण मला डोळा काढवेना. आयुष्यभर मी स्थिर वस्तू काढत आलो होतो. घडा, आंबा, वाळवी लागलेली खुर्ची. असं काही कुणी माझ्यापुढे ठेवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी आबांचा चित्रकार झालो. रविवारी सकाळी, ऊन खिडकीत आलं की ते आरसा फिरवून उजेड काचेखाली घेत आणि मी बघून बघून काढी. कौतुक कधी नाही. एकदा चित्र जरा देखणं व्हावं म्हणून मी पेशीची कड गोल केली, तर त्यांनी खोडरबर पुढे सरकवलं. "ती तशी नाही. तुम्हाला आवडेल तशी काढू नका, आहे तशी काढा."

बाकी माणूस बोलायला तऱ्हेवाईक. गाईशी अहो-जाहो आणि मालकाशी अरे-तुरे. "बाईसाहेब, जरा पाय उचलता का," असं म्हशीला विचारीत आणि वळून मालकाला, "गोठा कधी झाडला होतास?" गळू कापलं आणि कुणी "काय घाण निघाली" म्हटलं की संतापत. पू म्हणजे लढून मेलेल्या पेशी, त्यांना घाण म्हणायची तुझी लायकी नाही, असं एका मामलेदारालाही त्यांनी ऐकवलं होतं. पण त्यांचं खरं पालुपद एकच होतं. "गिळलं म्हणजे मेलं नव्हे." जंतू गिळणं सोपं, गिळल्यावर तो आत मारणं अवघड, कधी कधी तो पोटात जिवंत राहून पेशीलाच मारतो, असा त्याचा अर्थ. पण ते वापरीत कशालाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं आख्खा इतिहास पाठ म्हणून दाखवला तेव्हा म्हणाले, "गिळलंय. मेलं का ते परीक्षेत कळेल."

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी भागीबाई आली. आठ मैलांवरच्या कोंडवाडीतून चालत आली होती. पन्नाशीची, सडसडीत, बोलायला मोजकी. नवरा आणि मुलगा दोघंही मुंबईला गिरणीत. घरात सून आणि चार महिन्यांची नात. सुनेला मोठा ताप येऊन तिचं दूध आटलेलं, त्यामुळे पोर गाईच्या दुधावर. आणि त्याच गाईच्या, चंद्रीच्या, कासेला दगडी झाली होती. कासेचा एक भाग दगडासारखा घट्ट, हात लावू देत नव्हती, दूध पाण्यासारखं आणि गाठी पडलेलं. गाईनं दोन दिवस चारा सोडला होता. वाडीतले सखाराम दाजी, भागीबाईचे चुलत दीर, कासेला डाग द्यायचं म्हणत होते. आजच देणार होते. भागीबाईनं त्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

"डागलं की गाय वाचेल असं तुला वाटतं?" आबांनी विचारलं.

"वाटत आसतं तर हितं कशाला आलं आसतं?" ती म्हणाली.

आबांनी दवाखाना सहायकाच्या हवाली केला आणि घरी येऊन सूक्ष्मदर्शक पेटीत भरला. मला म्हणाले, "कागद घ्या." पेटी वाहायला गडी करू या म्हटलं तर ऐकेनात. डोक्यावर पंच्याची चुंबळ करून त्यांनी ती पेटी आठ मैल स्वतः नेली. चढावर मी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा मान न हलवता, म्हणजे पेटी न हलवता, नाही म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा दारापुढच्या खळ्यात दाजी बसले होते आणि चुलीत विळा तापत होता. दाजी काही हट्टी किंवा दुष्ट माणूस नव्हते. साठीचे, धीमे, गुरांत जन्म गेलेले. त्यांनी आबांना पाणी दिलं आणि सरळ सांगितलं की आजवर पाच गायींना त्यांनी डाग दिले, त्यांतल्या तीन उठल्या.

"त्या डागानं उठल्या नाहीत," आबा म्हणाले. "डाग सोसून उठल्या. रोगाशी भांडायला अंगात जो जोर होता, त्यातला निम्मा तुझ्या डागाशी भांडण्यात गेला. उरलेल्या दोघींकडे तेवढा नव्हता."

दाजी चिडले नाहीत. डॉक्टरांकडे याच्यावर औषध कोणतं, असं त्यांनी विचारलं. आबांनी खरं ते सांगितलं. आत शिरलेल्या जंतूंना मारील असं औषध नाही. मारायचं ते गाईची मंडळीच मारतील. आपण फक्त त्यांच्यावरचं ओझं कमी करायचं. खराब दूध तासातासाला पिळून काढायचं, म्हणजे त्याच्याबरोबर जंतूही बाहेर पडतात, आणि कास गरम पाण्यानं शेकत राहायची, म्हणजे तिथं रक्त खेळतं आणि नवी मंडळी येतात. एवढंच. हे ऐकून जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आठ मैल पेटी वाहून आणलेल्या डॉक्टरकडून त्यांची अपेक्षा मोठी होती.

शेवटी दाजींनी उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली. तोवर गाईनं चारा खाल्ला नाही तर डाग. आणि गाय गेली तर काय, असं त्यांनी विचारलं. रत्नागिरीत माझ्या दारात दुभती गाय आहे, ती मी स्वतः आणून इथं बांधीन, आबा म्हणाले. हे खरं होतं. ती गाय त्यांची एकुलती एक चैन होती आणि तिच्या रक्तावरच त्यांनी सर्वांत जास्त नळ्या घालवल्या होत्या.

कोट उतरवून ते चंद्रीच्या कासेशी बसले. पहिल्यांदा सडाला हात लावला तशी तिनं लाथ मारली आणि आबा शेणात बसले. उठून म्हणाले, "बाईसाहेबांचं बरोबर आहे," आणि पुन्हा बसले. दुसरी लाथ मांडीवर बसली. तिसऱ्या वेळी भागीबाई गाईच्या मानेशी जाऊन उभी राहिली, तिच्या गळ्याखाली खाजवत राहिली, आणि आबांना पहिली पिवळट, रक्ताच्या रेघा असलेली धार मिळाली. त्यातला एक थेंब त्यांनी काचेवर पसरला, वाळवला, निळ्या रंगात बुडवून धुतला. सूक्ष्मदर्शक खळ्यात तुळशीच्या कट्ट्यावर मांडला, कारण ऊन तिथं होतं.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग मी बघितलं. काच निळ्या पेशींनी खच्चून भरली होती. प्रत्येकीच्या आत तिचं तीन-चार पाकळ्यांचं केंद्र, आणि त्याशेजारी जंतूंच्या साखळ्या, माळेसारख्या, गिळलेल्या. मी म्हटलं, उत्तम. आबांनी काच जराशी सरकवून पुन्हा डोळा लावला.

"मना दाखवा," भागीबाई म्हणाली.

तिनं आधी डोक्यावरून पदर घेतला, देवळात जाताना घेतात तसा. डोळा लावला. माझ्यासारख्या तिला पापण्या दिसल्या नाहीत. उन्हात दूरची गुरं ओळखायची सवय असलेली नजर होती ती. आबा शेजारी उभे राहून सांगत होते की हे गोल गोल ते चंद्रीच्या अंगातले राखणदार आणि आतले मणी म्हणजे रोग. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग डोळा न काढता म्हणाली, "खाल्लानी खरं. पन मनी हायत तसंच हायत. येक बी मोडला न्हाय."

आबांनी रुमालानं हात पुसले, मग तोच रुमाल घेऊन आधीच कोरडी असलेली दुसरी काच पुसत राहिले. "मास्तर, तुम्ही चार महिने चित्रं काढताय," ते मला म्हणाले. "तुमच्या लक्षात आलं?" नव्हतं आलं. चंद्रीच्या मंडळींनी गिळलं होतं, मारलं नव्हतं. साखळ्या आत अखंड, ठसठशीत होत्या. सकाळपर्यंत कोण कुणाला संपवील हे सांगता येत नव्हतं.

त्यानंतर बोलणं संपलं आणि काम सुरू झालं. आबांनी पिळायचं, भागीबाईनं पाणी तापवायचं, सुनेनं अंथरुणातून उठून फडकी पिळून द्यायची. मीही शेकलं. आबांची बोटं सुजली तेव्हा वाडीतल्या दोन बायका न बोलावता आल्या आणि आळीपाळीनं पिळू लागल्या. रात्र अशीच बायकांनी वाटून घेतली. नातीला शेजारणीनं आपल्या बाळाबरोबर पाजलं. दर खेपेला आबा गाईला सांगत, "घाई नाही, बाईसाहेब. तुमचं चालू द्या."

उजाडलं, पण कोंडवाडी डोंगराच्या कुशीत. तिथं ऊन उशिरा येतं. थेंब काचेवर रंगवून तयार होता आणि आबा तुळशीपाशी बसून उन्हाची वाट बघत होते. समोर दाजींनी चुलीत विळा घातला होता आणि तेही वाट बघत होते. दोघं एकमेकांशी अगदी सभ्यपणे पिकाबद्दल बोलत होते. ऊन कौलांवर आलं, मग पडवीवर, मग कट्ट्यावर. आबांनी आरसा फिरवला, उजेड जुळवला, आणि स्वतः न बघता बाजूला झाले.

"आधी तिला बघू दे," म्हणाले.

भागीबाईनं पदर घेतला, वाकली. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत उभे. ती काच थोडी सरकवायला सांगे, पुन्हा बघे.

"काल काळं व्हतं ते मनी आता पुसट झालंत," ती म्हणाली. "फुगल्यावानी दिसत्यात. ह्या हिच्यात तर निस्ती सावली हाय."

मग आबांनी बघितलं. मग मी. साखळ्या तुटल्या होत्या, मणी फिकटले होते. काही पेशींत मण्यांच्या जागी नुसता डाग होता. अजून ठसठशीत साखळ्याही होत्या, पण थोड्या. मी कागद काढला आणि आहे तसं काढलं. गोठ्यात चंद्री अजून उभीच होती, मान खाली. दुपार व्हायच्या आधी तिनं गोठ्याच्या दाराशी बांधलेल्या नातीच्या झोळीजवळ पडलेला पेंढा हुंगला आणि एक काडी तोंडात घेतली. बराच वेळ तीच चघळली. मग दुसरी घेतली. दाजींनी चुलीतला विळा काढून पाण्यात बुडवला. गार झाल्यावर बांधावर गेले आणि त्याच विळ्यानं ओलं गवत कापून तिच्यापुढे टाकलं.

कासेचा तो भाग पुढे कायमचा आटला. चंद्रीनं तीन सडांवर नातीला वाढवलं. आबांनी ते आपल्या वहीत जसंच्या तसं लिहिलं, 'एक सड गेला', आणि त्याखाली रेघ मारली. विजय वगैरे शब्द त्यांच्या वहीत नव्हते.

कोंडवाडीहून परतल्यावर आठवड्यानं आबांनी मला बोलावलं. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. टेबलावर नेहमीची वही नव्हती. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी कापसात गुंडाळलेली एकच काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जुनी काच होती, रंग जरा उतरलेला.

"ही गाईची नाही," ते म्हणाले.

त्यांना मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. यमू, सहा वर्षांची. समुद्रावर खडकात कालवाच्या शिंपेनं तिचा पाय कापला. चिखलानं जखम चिघळली, पाय सुजला आणि ताप चढला. तिसऱ्या दिवशी आबांनी जखमेतला एक थेंब काचेवर घेतला होता. पाचव्या दिवशी ती गेली. माणसांचे जे डॉक्टर आले होते त्यांनी जाता जाता सांगितलं, की पोरीच्या अंगात जोरच नव्हता. हे वाक्य घरादारानं उचललं. जोर नव्हता म्हणजे आईनं नीट खायला घातलं नसणार. सासरी-माहेरी सगळ्यांनी तेच धरलं. आबांच्या बायकोनं कुणालाही उत्तर दिलं नाही. वर्षभरानं ती नाटे गावी भावाकडे गेली आणि पुन्हा या घरात आली नाही. त्याला बारा वर्षं झाली होती.

"मी तिला पुष्कळ सांगितलं," आबा म्हणाले. "पण तेव्हा मलाच नीट माहीत नव्हतं. समजूत घालतोय असं तिला वाटलं, आणि घालतच होतो. मग म्हटलं, आधी आपण बघावं. जोर नसलेलं रक्त कसं दिसतं, असलेलं कसं दिसतं. माणसांचं रक्त मला कोण देणार? गाईंचं मिळत होतं."

मी विचारलं की एवढ्या वर्षांत त्यांनी तिला ही काच का दाखवली नाही.

"शिकलेल्यांना कळत नाही, तिला कसं कळेल असं वाटायचं," ते म्हणाले. "भागीला एका नजरेत कळलं. चित्र काढा, मास्तर. मोठं काढा. आणि आहे तसं."

मी दोन दिवस ते चित्र काढत होतो. शाळा सुरू झाली तरी सकाळचं ऊन त्यासाठी राखून ठेवलं. प्रत्येक पेशी साखळ्यांनी भरलेली होती, फुटेपर्यंत भरलेली. काही फुटलेल्याही होत्या आणि त्यांच्या अवशेषांवरून दुसऱ्या पुढे सरकत होत्या. मी एकही वाढवली नाही, एकही गाळली नाही. खाली काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा आबा म्हणाले काही नको, तिला वाचता येत नाही.

चित्र पत्र्याच्या नळकांड्यात घालून ते आगबोटीनं मुसाकाजी बंदराला गेले, तिथून पायी नाट्याला. चौथ्या दिवशी परत आले. मी बंदरावर गेलो होतो. हातात नळकांडं नव्हतं.

आम्ही घरी आलो. पायरीवर बसून वहाणा काढताना म्हणाले, "बराच वेळ बघत होती. मी सगळं समजावून सांगितलं. कुणी कुणाला गिळलं, काय जमलं, काय जमलं नाही, आणि जोर कमी नव्हता, हेही. तिनं एकच विचारलं, हे कितव्या दिवसाचं. मी म्हटलं, तिसऱ्या."

वहाणा त्यांनी भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"तर म्हणाली, तिसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली होती. मी वाटीभर दिली होती. सगळी प्याली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. चित्राचं काय झालं म्हणून विचारलं.

"ते तिनं ठेवून घेतलं," आबा म्हणाले.